गाडीखालचा काळा डाग : जुन्या पिकअपची ऑइल गळती कशी शोधायची?



सकाळी भाजीची खेप निघाली, पिकअप अंगणातून बाहेर पडली आणि जिथे गाडी रात्रभर उभी होती तिथे मातीत काळा, तेलकट डाग दिसला. हे दृश्य आपल्यापैकी बऱ्याच जणींना ओळखीचं असेल. ड्रायव्हरला विचारलं तर तो म्हणतो, "ताई, जुनी गाडी आहे, थोडं गळणारच." गॅरेजवर नेली तर उत्तर येतं, "इंजिन खोलावं लागेल." एक म्हणतो काहीच नाही, दुसरा म्हणतो सगळंच गेलं. पैसे मात्र गटाचे जातात.

बचत गटाच्या बायका आता वाहनाच्या धंद्यात उतरल्या आहेत. २०१७ साली केंद्र सरकारने आजीविका ग्रामीण एक्सप्रेस योजना आणली, तीही गटातल्या बाईने प्रवासी गाडी चालवून कमवावं म्हणूनच. आपल्या कासा, सायवन, गंजाड, उधवा भागात भाजी, मिरची, चिकू, भाताची पोती वाहायला पिकअप लागतेच. नवी गाडी परवडत नाही म्हणून गट जुनी घेतो. जुनी गाडी घेणं चूक नाही. पण तिच्या पोटात काय चाललंय हे न कळता हप्ते भरत राहणं धोक्याचं आहे.

आमच्या गटाच्या गाडीच्या बाबतीत असंच झालं. महालक्ष्मीची जत्रा तोंडावर आली होती, म्हणजे कमाईचे दिवस. त्यात ऑइल गळायला लागलं. गॅरेजवाल्याने गाडीखाली वाकून पाहिलं, इंजिन आणि गिअरबॉक्स जोडतात तिथे ओलं दिसलं. तो म्हणाला, "मागचं क्रँक सील गेलं. गिअरबॉक्स उतरवावा लागेल." खर्च सांगितला तो आमच्या दोन हप्त्यांएवढा. आम्ही एक दिवस मागून घेतला. त्या एका दिवसात काय केलं आणि काय सापडलं ते पुढे सांगते. आधी थोडं समजून घेऊ.

ऑइल करतं तरी काय?

इंजिनात लोखंडाचे भाग एकमेकांवर मिनिटाला हजारो वेळा घासतात. त्यांच्यामध्ये ऑइलचा पातळ थर असतो म्हणून ते झिजत नाहीत. ऑइल उष्णताही वाहून नेतं आणि आतली काजळी स्वतःत धरून ठेवतं. म्हणून डिझेल गाडीचं ऑइल बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळं होतं. नुसत्या काळ्या रंगाला घाबरू नका. भीती ऑइल कमी होण्याची बाळगा.

इंजिनाच्या खाली ऑइलचं भांडं असतं, त्याला मेकॅनिक "चेंबर" म्हणतात. पंप तिथून ऑइल वर ढकलतो, ते सगळीकडे फिरतं आणि परत खाली चेंबरमध्ये येतं. चेंबरमधलं ऑइल फारच उतरलं की पंप हवा ओढू लागतो. मग बेअरिंग कोरडी चालतात आणि इंजिन काही मिनिटांत जाम होऊ शकतं. एका पॅकिंगचं काम तिथून पूर्ण इंजिनाच्या कामावर जातं.

ऑइल कुठे जातं?

ऑइल कमी होतंय म्हणजे ते गळतंयच असं नाही. त्याच्या तीन वाटा आहेत.

पहिली, बाहेर गळणं. डाग दिसतो, इंजिनावर ओल दिसते.

दुसरी, आत जळणं. जमिनीवर डाग नाही, पण ऑइल कमी होतं आणि सायलेन्सरमधून निळसर धूर येतो. सकाळी चालू करताना थोडा निळा धूर येऊन थांबत असेल तर बहुधा व्हॉल्व्हची सीलं कडक झालेली असतात. माल भरून चढ चढताना सतत निळा धूर येत असेल तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या असण्याची शक्यता जास्त. काळा धूर वेगळा : त्याचा संबंध डिझेल जास्त जाण्याशी किंवा हवेचा फिल्टर तुंबण्याशी असतो.

तिसरी, पाण्यात मिसळणं. हेड गॅस्केट फाटलं किंवा ऑइल कूलर फुटला की ऑइल आणि रेडिएटरचं पाणी एकमेकांत मिसळू शकतं. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसतं, किंवा रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग येतो. असं दिसलं तर गाडी चालवायचीच नाही. एक गोष्ट लक्षात ठेवा : पावसाळ्यात जवळच्याच फेऱ्या मारणाऱ्या गाडीत ऑइल भरायच्या झाकणाला आतून थोडी पांढरी साय दिसते. ती दमटपणाने येते. पट्टीवरचं ऑइल स्वच्छ असेल तर तेवढ्यावरून घाबरू नका.

आणि पट्टीवर ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वाढलेलं दिसलं, तर आनंद मानू नका. त्यात डिझेल किंवा पाणी उतरत असेल. पट्टीचा वास घ्या. डिझेलचा वास आला आणि ऑइल पाण्यासारखं पातळ लागलं तर लगेच दाखवा.

पडलेलं ते ऑइलच आहे का?

रात्री गाडी सपाट जागी लावा. तिच्या पुढच्या भागाखाली जुन्या खोक्याचा मोठा पुठ्ठा पसरा, वारा असेल तर कडेला दगड ठेवा. पुठ्ठ्यावर पुढच्या चाकांची जागा पेनाने खूण करा, म्हणजे थेंब कुठल्या भागातून पडला ते सकाळी कळेल. सकाळी गाडी हलवून डाग बघा, बोटाला लावा, वास घ्या.

• काळं किंवा तपकिरी, बुळबुळीत, इंजिनाच्या खाली : इंजिन ऑइल.
• जाडसर, उग्र गंधकासारखा वास, गाडीच्या मध्यावर किंवा मागच्या धुरीखाली : गिअर ऑइल.
• हिरवं, गुलाबी किंवा नारिंगी, पाण्यासारखं : रेडिएटरचं कूलंट. हे गोडसर असतं आणि विषारी असतं. मुलं, कोंबड्या, कुत्री यांना त्यापासून लांब ठेवा. चव कधीही घेऊ नका.
• पातळ, वासावरूनच ओळखू येणारं : डिझेल.
• फिकट पिवळसर, चाकाच्या आतल्या बाजूला किंवा ब्रेक पेडलच्या रेषेत : ब्रेक ऑइल. गाडी जागची हलवू नका. मेकॅनिकला तिथेच बोलवा.
• लालसर तेल, पुढच्या बाजूला : पॉवर स्टेअरिंग असलेल्या गाडीत त्याचं तेल.

आता थोडा हिशोब. साधारण २० थेंबांचा १ मिलिलिटर होतो. मिनिटाला एक थेंब पडला तर दिवसाला १,४४० थेंब, म्हणजे जवळपास ७० मिलिलिटर. महिन्याला २ लिटरच्या वर. आणि चालू इंजिनात ऑइल दाबाखाली असतं, तेव्हा उभ्या गाडीपेक्षा जास्त गळतं. "थोडंसंच गळतंय" हे बोलणं हिशोबात कुठे जातं ते बघा.

पट्टी बघा आणि वहीत लिहा

पातळी मोजायला गाडी सपाट जागी हवी. इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा, म्हणजे वरचं ऑइल खाली उतरतं. पट्टी काढा, स्वच्छ फडक्याने पुसा, परत पूर्ण आत घाला, पुन्हा काढा आणि आता बघा. ऑइल खालच्या आणि वरच्या खुणेच्या मध्ये हवं. बऱ्याच गाड्यांत या दोन खुणांमध्ये साधारण एक लिटरचा फरक असतो.

ऑइल वरच्या खुणेच्या पलीकडे भरू नका. "जास्त असलेलं बरं" हे इथे लागू नाही. जास्त ऑइलला फेस येतो, आतला दाब वाढतो आणि चांगली सीलंही गळू लागतात.

गटाच्या वहीत चार रकाने आखा : तारीख, मीटरचं वाचन, पट्टीवरची पातळी, किती ऑइल घातलं. आमची पहिली चूक इथेच झाली. ड्रायव्हर अधूनमधून ऑइल घालत होता, डब्याचे पैसे "किरकोळ खर्चात" जात होते. हिशोब तपासताना कळलं की आठवड्याला अर्धा लिटर जातंय. म्हणजे वर्षाला २६ लिटर! ही नोंद वहीत असती तर जत्रेच्या तोंडावर धावपळ झाली नसती.

धुवा, पुसा, मग वरून खाली बघा

ऑइल जिथे दिसतं तिथूनच ते निघतं असं नाही. ते वरून निघून खाली ओघळतं आणि गाडी धावताना वाऱ्याने मागे उडतं. छपरातलं पाणी जसं गळतं एका कौलातून आणि टपकतं भलत्याच वाशावरून, तसंच हे. म्हणून जुन्या चिखल-तेलाच्या थरावर बघून कोणीही खात्रीने सांगू शकत नाही.

आधी चार गोष्टी सांभाळा. इंजिन थंड असू द्या. हँडब्रेक ओढा, चाकांना दगड लावा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, कधीही शिरायचं नाही, मग तो ड्रायव्हर असो की घरचा मुलगा. आणि इंजिन चालू असताना बघायचं असेल तर पदर खोचा, ओढणी काढून ठेवा, केस बांधा, बांगड्या वर सारा. पंखा आणि पट्टा कोणाची वाट बघत नाहीत.

मग ब्रश आणि थोडं डिझेल घेऊन इंजिनावरचा थर सोडवा, साबणाच्या पाण्याने पुसून घ्या. अल्टरनेटर, स्टार्टर, वायरींचे जोड यांवर प्लास्टिकची पिशवी बांधा, तिथे पाणी मारू नका. सगळं पूर्ण सुकू द्या. डिझेलने भिजलेल्या चिंध्या इंजिनावर विसरू नका, आग लागेल.

सुकल्यावर इंजिन चालू करून दहा मिनिटं उभ्यानेच बघा. मग एक छोटी फेरी मारा, कासा ते चारोटी आणि परत एवढी पुरते. बंद करून, बॅटरीच्या उजेडात, सगळ्यात वरच्या जागेपासून खाली बघत या. सगळ्यात वर आणि सगळ्यात पुढे असलेली ओली जागा हाच पहिला संशयित. उजेड कमी पडत असेल तर मोबाइलने फोटो काढा, अडचणीच्या जागेत छोटा आरसा धरा.

तरी कळत नसेल तर पावडरची युक्ती करा. स्वच्छ, कोरड्या झालेल्या संशयाच्या जागेवर, इंजिन बंद असताना, अंगाला लावायची पावडर भुरभुरवा. थोडं चालवून परत बघा. जिथून ऑइल फुटतं तिथे पावडरीत ओली रेघ उमटते.

छोट्या हत्तीसारख्या गाडीत इंजिन सीटखाली असतं, तिथे सीट उचलून बघावं लागतं. बोलेरो पिकअपसारख्या गाडीत बॉनेट उघडून. क्रम मात्र तोच.

कुठे कुठे बघायचं?

*ऑइल भरायचं झाकण.* आतली रबरी रिंग कडक होते, तुटते. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित जागा.

*टॅपेट कव्हरचं पॅकिंग.* इंजिनाच्या अगदी वरचं झाकण. त्याचं पॅकिंग वर्षानुवर्षांच्या उष्णतेने पापडासारखं कडक होतं. मागच्या बाजूने गळलं तर ऑइल इंजिनाच्या पाठीवरून ओघळत थेट गिअरबॉक्सच्या जोडापर्यंत जातं.

*हेड आणि ब्लॉकचा जोड.* इथून बाहेर ओल आली तर पाणी-ऑइल मिसळतंय का तेही तपासा. रेडिएटरचं झाकण इंजिन पूर्ण थंड असतानाच उघडा.

*व्हॅक्यूम पंप.* काही डिझेल गाड्यांत ब्रेकसाठीचा हा पंप अल्टरनेटरच्या पाठीला असतो आणि त्याला ऑइलचा पाइप येतो. पाइप किंवा सील गळलं तर अल्टरनेटरही खराब होतो.

*टर्बोचे पाइप.* टर्बो असलेल्या गाडीत एक पाइप ऑइल आणतो, एक परत नेतो. दोन्हीचे जोड बघा.

*ऑइल प्रेशर स्विच.* ब्लॉकला लावलेला, वायर जोडलेला लहानसा भाग. वायरच्या टोकात ऑइल भरलेलं दिसलं तर स्विच बदलायचा.

*ऑइल फिल्टर.* नुकतंच ऑइल बदललं आणि लगेच गळू लागलं तर आधी इथे बघा. कधी जुन्या फिल्टरची रबरी रिंग जागेवरच चिकटून राहते आणि तिच्यावर नवा फिल्टर बसतो. दोन रिंगा एकमेकींवर बसत नाहीत, ऑइल धारेने जाऊ शकतं.

*पुढचं क्रँक सील.* खालच्या पुलीच्या मागे. पुली फिरताना ऑइल चहूकडे उडवते, म्हणून पट्ट्याच्या आसपास गोल शिंतोडे दिसतात. ऑइल लागलेला पट्टा घसरतो आणि लवकर तुटतो.

*चेंबरचं पॅकिंग आणि ड्रेन बोल्ट.* खडबडीत रस्त्यावर चेंबर दगडाला आपटतो, चेपतो. बोल्टखालचं तांब्याचं वायसर दर वेळी ऑइल बदलताना नवं घालायला हवं. गळतंय म्हणून बोल्ट जोर लावून आवळू नका, आटे गेले की काम वाढतं.

*मागचं क्रँक सील.* इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये. याला गिअरबॉक्स उतरवावाच लागतो, म्हणून खर्च मजुरीचा. पण वरच्या सगळ्या जागा कोरड्या आहेत याची खात्री झाल्यावरच या निष्कर्षावर या. क्लच घसरत असेल, जळका वास येत असेल, तर ऑइल क्लचप्लेटपर्यंत पोचलं असू शकतं.

आता आमच्या गाडीचं. आम्ही धुतली, सुकवली, फेरी मारून आणली. गिअरबॉक्सचा जोड ओला होता, हे खरं. पण टॅपेट कव्हरची मागची कडही ओली होती आणि तिथून खाली ओघळ स्पष्ट दिसत होता. फोटो काढून गॅरेजवाल्याला दाखवला. त्याने पॅकिंग बदललं. पुन्हा धुतली, डहाणूची खेप करून आली, पुठ्ठा टाकला. पुठ्ठा कोरडा. गिअरबॉक्स जागचा हलला नाही आणि जत्रेची एकही खेप चुकली नाही. गॅरेजवाला लबाड होता असं मी म्हणणार नाही. त्याने न धुता खालून पाहिलं, एवढंच.

एकाच वेळी चार जागा गळत असतील तर

एकाच वेळी सगळी पॅकिंगं खराब होत नाहीत. चार जागी ओल असेल तर आतला दाब वाढलाय का ते बघा. इंजिनात तयार होणारा वायू बाहेर जायला एक ब्रीदर पाइप असतो. तो काजळीने तुंबला की दाब कुठून तरी वाट काढतो, सीलांमधून. कुकरची शिटी तुंबली तर काय होतं ते आपल्याला वेगळं सांगायला नको. पाइप साफ करणं हे स्वस्त काम आहे. ते आधी करून घ्या.

पाइप मोकळा असूनही दाब असेल तर रिंगा झिजल्या असतील. याला मेकॅनिक "बॅक कंप्रेशन" म्हणतात. ओळखायची रीत अशी : इंजिन गरम करून सावकाश चालू ठेवा, ऑइल भरायचं झाकण सैल करून नुसतं उलटं टेकवून ठेवा, हात लांब ठेवा. किंचित हलणं, थोडी वाफ हे जुन्या डिझेल गाडीत चालतं. झाकण उडत असेल, धुराचे लोट फसफस बाहेर येत असतील, तर इंजिन आतून थकलंय. अशा गाडीत नुसती सीलं बदलून पैसे वाया जातात, ती पुन्हा गळतात. मग कंप्रेशन तपासून घ्या आणि त्यानंतरच इंजिनाच्या कामाचा निर्णय गटाने बसून घ्या.

कधी थांबायचं, कधी चालेल?

लगेच थांबा : ऑइलचा लाल दिवा लागला, ऑइल धारेने जातंय, ऑइल गरम सायलेन्सरच्या नळीवर पडून धूर येतोय, किंवा ऑइल दुधाळ झालंय. लाल दिवा लागला की "पुढच्या फाट्यापर्यंत जाऊ" नाही. गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करा, पट्टी बघा. टोचन करून न्यायचा खर्च इंजिनापेक्षा कितीतरी कमी. ही सूचना ड्रायव्हरला गटाच्या बैठकीत, सगळ्यांसमोर द्या आणि हेही सांगा की थांबल्यामुळे खेप चुकली तर त्याला कोणी बोलणार नाही. भीतीपोटीच माणूस गाडी ओढत नेतो.

या आठवड्यात करा : रोज पुठ्ठ्यावर थेंब, क्लचला किंवा पट्ट्याला ऑइल लागतंय.

लक्ष ठेवा : नुसता ओलसरपणा, थेंब पडत नाही, पातळी महिनाभर जागच्या जागी. जुन्या गाडीत हे चालून जातं. वहीत नोंद मात्र हवी.

गॅरेजमध्ये काय बोलायचं?

"ऑइल गळतंय, बघा" एवढंच सांगू नका. फोटो दाखवा, वही दाखवा आणि विचारा :

१. नेमकं कुठून गळतंय ते मला धुवून दाखवाल का?
२. ब्रीदर पाइप तपासला का?
३. खर्चात सामान किती आणि मजुरी किती? कागदावर लिहून द्या.
४. काढलेलं जुनं पॅकिंग, सील मला परत मिळेल का?
५. काम झाल्यावर पुन्हा गळलं तर काय?

पॅकिंगच्या जागी नुसतं सिलिकॉन थापायला देऊ नका. काही जागी ते लावतातच, पण पातळ. जास्त झालं तर त्याचे तुकडे आत पडून ऑइलच्या जाळीत अडकू शकतात. गळती थांबवायचं औषध ऑइलमध्ये टाकून काम भागवू म्हणाला तर तेही नको. आणि गिअरबॉक्स उतरवायचाच ठरला तर क्लचप्लेट त्याच वेळी तपासून घ्या, मजुरी दोनदा पडणार नाही.

"तुम्हा बायकांना काय कळणार यातलं" असं कोणी म्हणालं, तर वाद घालू नका. वही पुढे सरकवा.

जुनी गाडी घेताना

गाडी बघायला सकाळी जा, आणि इंजिन आधी चालू करून ठेवू नका असं मालकाला सांगा. थंड इंजिन खरं बोलतं. इंजिन नुकतंच चकाचक धुतलेलं असेल तर खूश होऊ नका, ओल लपवायला धुतलेलं असू शकतं. अर्धा तास चालवून परत बघा. गाडी रोज उभी राहते ती जमीन बघा. चावी फिरवल्यावर ऑइलचा लाल दिवा लागायला हवा आणि इंजिन चालू होताच विझायला हवा. चावी फिरवूनही लागलाच नाही तर दिवा गेलाय किंवा कोणी मुद्दाम काढलाय. झाकण उलटं टेकवून बघायची रीतही इथेच वापरा.

कागदही बघा : आरसी, विमा, पीयूसी, परवाना आणि फिटनेस. माल वाहणारी गाडी आठ वर्षांची झाली की फिटनेस दर वर्षी करावं लागतं, तो खर्च हिशोबात धरा. आपण सीमेवर राहतो, वापी-सिल्वासा बाजूच्या गाड्या स्वस्त दिसतात. पण दुसऱ्या राज्यातल्या गाडीला तिथल्या आरटीओची एनओसी लागते आणि इथे नव्याने नोंदणी व कर भरावा लागतो. हे सगळं धरून भाव करा.

काढलेलं ऑइल टाकायचं कुठे?

ओढ्यात नाही, विहिरीजवळ नाही, शेताच्या बांधावर नाही. वापरलेलं ऑइल कायद्यानेही घातक कचऱ्यात मोडतं. डहाणू तालुका १९९१ पासून पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील म्हणून जाहीर आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी, पाणी आपणच पितो. जुन्या डब्यात साठवा आणि वापरलेलं ऑइल घेणाऱ्या गॅरेजला द्या. चुलीत, शेकोटीत जाळू नका, त्याचा धूर विषारी असतो. ऑइल हाताला लागलं तर साबणाने धुवा.

पुढच्या बैठकीसाठी

ज्या गटाकडे किंवा ग्रामसंघाकडे गाडी आहे, त्यांनी येत्या मासिक बैठकीत तीन ठराव करावेत. एक, ऑइलची वही सुरू करणं आणि ती महिन्याच्या हिशोबाबरोबर वाचणं. दोन, आठवड्यातून एक दिवस ठरवून दोन सदस्यांनी ड्रायव्हरसोबत पट्टी बघणं. दोघी पाळीपाळीने बदलाव्यात, म्हणजे वर्षात सगळ्यांना येईल. तीन, दुरुस्तीसाठी दर खेपेमागे थोडी रक्कम बाजूला ठेवणं, म्हणजे हप्त्याच्या पैशाला हात लागणार नाही.

आपण कर्जाची वही वाचायला शिकलो, बँकेत सही करायला शिकलो. ऑइलची पट्टी त्याहून सोपी आहे. आज संध्याकाळी गाडी आली की एक पुठ्ठा तिच्याखाली सरकवा. सकाळी तो काय सांगतो ते बघा आणि वहीत पहिली ओळ लिहा.